पन्नाशीच्या पायांत जाडजूड बूट

जाड सोलचे, घोट्याच्या वर येणारे चामडी बूट म्हटले की डोळ्यांपुढे कॉलेजातली मुलगी येते, नाहीतर गिटार घेतलेला एखादा तरुण. पन्नाशीतल्या बाईने दुकानात असा जोड हातात घेतला की बरोबरची मैत्रीण हमखास विचारते, ‘अगं, लेकीसाठी घेतेयस का?’ विचारणारीच्या मनात वाईट काही नसते, पण प्रश्नामागची समजूत चुकीची आहे. या जातीतला जगात सगळ्यांत ओळखीचा बूट डॉक्टर मार्टेन्सचा. हा सोल जर्मनीत पहिल्यांदा विकायला आला, तेव्हा पहिल्या दहा वर्षांतल्या खपापैकी सुमारे ८० टक्के वाटा चाळिशी ओलांडलेल्या बायकांचा होता. तरुणांनी तो बऱ्याच उशिरा उचलला.

क्लाउस मेर्टेन्स हे जर्मन सैन्यातले डॉक्टर. १९४५ साली बव्हेरियाच्या आल्प्समध्ये स्कीइंग करताना त्यांचा घोटा दुखावला. सैन्याचे कडक बूट त्या घोट्याला सोसवेनात. मग त्यांनी मऊ चामड्याचा आणि तळात हवा कोंडलेला बूट स्वतःसाठी करून पाहिला. म्युनिकमध्ये त्यांची गाठ हर्बर्ट फुंक या जुन्या इंजिनिअर मित्राशी पडली. जर्मन हवाई दलाच्या ओस पडलेल्या तळांवर टाकून दिलेले रबर मिळत होते, ते वापरून दोघांनी १९४७ मध्ये झेसहाउप्ट या गावी बूट करायला सुरुवात केली. १९५२ मध्ये म्युनिकला कारखाना निघाला. गिऱ्हाईक होते ते दिवसभर पायांवर उभ्या असणाऱ्या बायकांचे. युद्धाने मोडलेल्या त्या देशात घर, रांगा, नोकरी आणि ढिगारे उपसण्याचे काम बायकांच्याच वाट्याला आले होते. त्यांना दुखऱ्या टाचेखाली मऊ काहीतरी हवे होते आणि ते या सोलने दिले.

पुढची गोष्ट इंग्लंडमधली. नॉर्दम्प्टनशर हा बूटकामासाठी जुना नावाजलेला परगणा. तिथल्या वोलस्टन गावातल्या ग्रिग्ज कुटुंबाच्या कारखान्याने या सोलचा परवाना घेतला, टाचेचा आकार सुधारला, पुढचा भाग गोल फुगीर केला आणि कडेने पिवळ्या धाग्याचे टाके घातले. १ एप्रिल १९६० ला आठ भोकांचा, गडद लाल रंगाचा पहिला बूट तयार झाला आणि त्या तारखेवरूनच त्याला १४६० हा क्रमांक मिळाला. तो घेत होते टपालवाले आणि कारखान्यांतले कामगार. ‘द हू’ या बँडचा पीट टाउनशेंड कामगारांचा बूट म्हणून तो मंचावर घालू लागला. नंतर स्किनहेड पोरांनी आणि पंकवाल्यांनी तो आपलासा केला, आणि त्याच्यावर बंडखोर तारुण्याचा शिक्का बसला तो कायमचाच. पण १९७७ च्या सुमाराला पंक असलेली ती मुले आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पायांत आजही तेच बूट आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे की मध्यमवयात हे बूट घालणे ही तरुणांची नक्कल ठरत नाही. अट एकच: पंचविशीत चालून गेले ते आता चालणार नाही. पाऊल बदललेले असते.

हा बदल आधी नीट पाहू. पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध वयाबरोबर सैल पडतात. पायाची कमान थोडी खाली बसते, पाऊल लांब होते आणि त्याहून जास्त रुंद होते. बऱ्याच बायकांच्या बाबतीत हा बदल बाळंतपणातच सुरू होतो आणि मग मागे फिरत नाही. टाचेखाली चरबीची एक गादी असते. चाळिशीनंतर ती पातळ होते, तिची लवचीकता कमी होते, आणि फरशीवर अनवाणी चालताना टाच दुखू लागते. सकाळी उठल्यावर पहिली चार पावले टाकताना टाचेत कळ येते, ते तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे ४० ते ६० या वयात सर्वांत जास्त दिसते. कुणाचे अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येते, तर कुणाचा अंगठ्याचा सांधा झिजून ताठर होतो.

आता जाड सोल या सगळ्याला कुठे उपयोगी पडतो ते पाहा. चालताना टाच उचलली की शरीराचा सगळा भार चवड्यावर येतो आणि अंगठा मुळापासून चांगलाच वर वाकतो. पातळ, लवलवत्या चपलेत हे वाकणे प्रत्येक पावलाला होते. सोल जाड, ताठ आणि टोकाशी किंचित वर उचललेला असेल तर वाकण्याचे काम बरेचसे सोलच करतो. पाऊल त्याच्यावरून पुढे कलंडते आणि सांध्याला कमी वाकावे लागते. अंगठ्याच्या सांध्याची झीज असलेल्यांना डॉक्टर असाच सोल सुचवतात. दुकानात बूट टेबलावर ठेवून बाजूने बघावे. टोक टेबलाला पूर्ण चिकटलेले असेल तर तो बूट कितीही देखणा असला तरी चालायला जड जाईल.

उंच टाचेच्या सँडलपेक्षा हे बूट पायाला सोपे का जातात, याचेही कारण सोलमध्येच आहे. टाच साडेचार सेंटीमीटर आणि चवड्याखालचा सोल तीन सेंटीमीटर असेल, तर उंची साडेचारची मिळते, पण पाऊल फक्त दीड सेंटीमीटर तिरके राहते. चवड्यावर भार लोटला जात नाही. अर्थात याला मर्यादा आहेच. सोल फार जाड आणि फार मऊ झाला की तळव्याला जमिनीची खबर उशिरा लागते, घोटा वळायची भीती वाढते. वय वाढते तसा तोल सावरायला वेळ लागतो, म्हणून चार-पाच सेंटीमीटरच्या फळ्या लावलेले बूट मी पन्नाशीनंतर कुणाला सुचवणार नाही, विशेषतः जिने रोजचे असतील तर. गाडी चालवताना रुंद सोल एकाच वेळी दोन पेडलांना लागू शकतो. गाडीत साधे बूट ठेवावेत आणि तेच घालून गाडी चालवावी.

वजनाचाही हिशेब करायला हवा. आठ भोकांच्या चामडी बुटांचा जोड एक किलोच्या वर सहज जातो. पायावरचे वजन दर पावलाला उचलावे, झुलवावे आणि थांबवावे लागते, त्यामुळे पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा ते कितीतरी पटींनी जास्त दमवते. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर जाड दिसणारा पण हलका सोल असलेले बूट पाहावेत. असे सोल आता सर्रास मिळतात, बूट हातात घेतल्याबरोबर फरक कळतो.

खोल खाचांचा सोल हे तर या बुटांचे सगळ्यांत ठळक रूप. त्याच्यामागे एक दुःखद घटना आहे. १९३५ मध्ये इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांचे सहा सोबती आल्प्समध्ये हवामान बिघडल्याने मरण पावले. त्यांच्या पायांतले बूट त्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडले नव्हते. ब्रामानींनी १९३७ मध्ये खाचा असलेल्या रबरी सोलचे पेटंट घेतले. पिरेली या टायरवाल्या कंपनीने पैसा पुरवला आणि व्हिब्रम हे नाव जन्माला आले. या खाचा चिखलात, बर्फात, मुरमात पकड घेतात. ओल्या गुळगुळीत फरशीवर मात्र त्यांचा उपयोग होत नाही, उलट फरशीला टेकणारे रबर कमी असल्याने पाय सरकू शकतो. मॉलच्या नुकत्याच पुसलेल्या संगमरवरावर या बुटांच्या भरवशावर झपाझप चालू नये.

मापाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. लग्नाच्या वेळी सहा नंबर होता, म्हणून पन्नाशीतही सहाच मागायचा! उभे राहून, दोन्ही पावले, संध्याकाळी मोजावीत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन पावले सहसा सारखी नसतात, म्हणून मोठ्या पावलाचे माप धरावे. भारतात चालणारे नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात एका नंबरचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. मार्टेन्ससारखे बूट बहुधा अर्ध्या नंबरात मिळत नाहीत, त्यामुळे दोहोंच्या मध्ये असलेल्यांची पंचाईत होते. अशा वेळी मोठा नंबर घ्यावा आणि आत एक चांगले इनसोल टाकावे. बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी, म्हणजे उतारावर नखे ठेचत नाहीत.

लांबीपेक्षाही महत्त्वाचे माप एक आहे आणि ते क्वचितच कुणी बघते. पाऊल चवड्याच्या ज्या रेषेवर वाकते, बूट तिथेच वाकला पाहिजे. बूट घालून एक पाय मागे टेकवून टाच उचलावी आणि चामड्यावर पडणारी घडी बघावी. घडी चवड्यावर, अंगठ्याच्या मुळापाशी पडली तर ठीक. ती पुढे, बोटांवर पडत असेल तर दर पावलाला चामडे बोटे दाबणार, आणि कितीही दिवस वापरले तरी हा दोष जात नाही. तो जोड दुकानातच ठेवून यावे. टाच मात्र नव्या ताठ बुटात किंचित उचलली जाते. ते चालते, सोल वाकायला लागला की बरेचसे थांबते.

नवीन बूट चावतो, हे कोल्हापुरी घालणाऱ्याला सांगायला नको. पण इथे दोन्हींत फरक करावा लागतो. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. ते तेल पिते आणि मऊ होते, म्हणून तेल लावून चप्पल पायात मुरवण्याची जुनी रीत बरोबरच आहे. बुटांचे वरचे चामडे बहुतेक वेळा क्रोमने कमावलेले आणि वरून लेप दिलेले असते. त्याला खोबरेल चोपडले तर ते डागाळते आणि नंतर त्यावर पॉलिशही बसत नाही. त्याला चामड्याचे क्रीम पातळ लावावे आणि बाकीचे काम पायाच्या उबेवर सोडावे. जाड लोकरी मोजे घालून घरात अर्धा तास, मग तासभर, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. कातडे रुंदीत पायाप्रमाणे सैलावते, लांबीत कधीच नाही. चामडे नको असणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकचा लेप दिलेले बूट मिळतात, पण ते पायाचा आकार घेत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशीच बरोबर बसले पाहिजेत.

मधुमेह असलेल्यांनी ही चावण्याची पायरी मुळातच घेऊ नये. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर फोड आल्याचे कळत नाही आणि तो फोड महिनोन्महिने चिघळतो. त्यांनी पहिल्या मिनिटापासून मऊ असलेला, आतून शिवण न लागणारा बूट घ्यावा, घालण्याआधी आत हात फिरवून खडा किंवा वर आलेला टाका नाही ना हे पाहावे, रात्री तळवे तपासावेत आणि बूट घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

नाडी बांधण्यात आराम किती असतो, हे एकदा सावकाश बांधून पाहिल्याशिवाय पटत नाही. बसून, नाडी पूर्ण सैल करून पाय आत घालावा आणि टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे नेऊन बसवावी. मग खालून वर एकेक ओळ ओढत यावे. पुढच्या दोन ओळी सैल ठेवाव्यात, कारण रुंदावलेल्या चवड्याला तिथेच जागा लागते. अंगठ्याचे हाड वर आलेले असेल तर त्याच्यासमोरचे भोक सोडून द्यावे, दाब लगेच कमी होतो. घोट्याच्या वळणाशी आले की दोन्ही टोके एकमेकांभोवती दोनदा गुंडाळून घट्ट ओढावीत, म्हणजे टाच जागची हलत नाही आणि पुढचा सैलपणाही तसाच राहतो. वरची दोन भोके पुन्हा थोडी सैल, नाहीतर जिना उतरताना नडगीला काच बसतो.

आपल्या घरांत मात्र हे सगळे उंबऱ्यापाशी सोडावे लागते. कुणाकडे गेले आणि दारात वाकून आठ भोकांची नाडी सोडत बसायचे, तेही कंबर धरलेली असताना! अशांसाठी चेल्सी बूट हा फार चांगला पर्याय आहे. व्हिक्टोरिया राणीचे बूट करणारे जोसेफ स्पार्क्स-हॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो काढला. दोन्ही बाजूंना लवचीक पट्टी, नाडी नाहीच. मागची कडी धरून ओढले की पाय आत. नाडीचेच बूट आवडत असतील तर आतल्या बाजूला चेन असलेले घ्यावेत, म्हणजे नाडी एकदा मनासारखी बांधली की रोज फक्त चेन उघडायची. मोजे चांगले हवेत, कारण आपल्याकडे ते दिसतातच.

आता दिसण्याविषयी. जाड बूट पायाच्या टोकाला दृष्टी खेचतो, म्हणून वरच्या कपड्यांत त्याला तोल देणारे काहीतरी हवे: जाडसर कापडाची सरळ पँट, लोकरी कोट, खादीचा लांब कुर्ता. झिरझिरीत, अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांखाली हे बूट उपरे दिसतात. बुटाचा वरचा काठ पायाच्या निमुळत्या भागात, घोट्याच्या जरा वर संपावा. पोटरीच्या जाड भागावर संपला तर पाय आखूड दिसतो, आणि आपल्याकडे पाच फुटांच्या आसपासची उंची बरीच असल्याने हे लक्षात ठेवलेले बरे. बूट, मोजे आणि पँट एकाच गडद रंगाची ठेवली तर उंची तुटत नाही. पँटची कड एकतर काठाच्या वर स्वच्छ थांबावी किंवा बुटावर सरळ पडावी. मध्येच चुण्या पडून अडकलेली कड सगळा डौल घालवते. पुरुषांनाही हेच लागू. त्यांनी तंग जीन्स सोडून सरळ बाह्यरेषेची पँट घ्यावी आणि बूट पॉलिश केलेले ठेवावेत. तरुणाला मळके बूट खपून जातात, पन्नाशीत ते निष्काळजीपणाचे वाटतात.

साडीवर बूट? माझ्या मते उत्तम. लंडन किंवा फ्रँकफर्टच्या जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू असते आणि बाहेर पारा शून्याशी आलेला असतो. तेव्हा काळ्या चंद्रकळेखाली काळे बूट इतके शोभतात की नाजूक सँडलमध्ये कुडकुडणाऱ्यांची कीव येते. साडी बूट घालूनच नेसावी आणि नेहमीपेक्षा चार बोटे वर ठेवावी, म्हणजे बूट मुद्दाम घातलेले दिसतात आणि काठ ओल्या रस्त्याला लागत नाही. सुती, खणाचे, इकतचे पोत जास्त जमतात. एक काळजी घ्यायची: काही बुटांना वर नाडी अडकवायचे धातूचे आकडे असतात. त्यात निऱ्या आणि जर हमखास अडकतात. साडीसाठी भोकांचा किंवा चेल्सी बूटच घ्यावा.

महाराष्ट्रात हे बूट घालायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नाहीतर हिमालयाच्या सहलीला. बाकीचे आठ महिने ते नुसते सांभाळावे लागतात आणि खरे नुकसान तेव्हाच होते. चामड्याला बुरशी लागते. ती कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून त्याचा हात फिरवावा, सावलीत वाळवावे आणि मग क्रीम लावावे. आत वर्तमानपत्राचे बोळे, कापडी पिशवी, वारा लागेल अशी जागा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

सोलची गोष्ट याहून फसवी आहे. बऱ्याच हलक्या सोलांत पॉलियुरेथेन असते. हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात, आणि गंमत अशी की बूट वापरात नसताना हे जास्त होते. मुलाने परदेशातून आणलेला जोड ‘चांगला आहे, जपून ठेवू’ म्हणून मुंबईत किंवा कोकणात माळ्यावर खोक्यात ठेवला जातो. चार-पाच पावसाळ्यांनंतर तो घालून बाहेर पडावे तर रस्त्यातच सोलचा भुगा होतो. म्हणून असे बूट महिन्यातून एकदोनदा तरी घालावेत, आणि बरेच दिवस पडून राहिलेला जोड असेल तर आधी सोलच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहावे. बारीक भेगा दिसल्या किंवा चिकट लागले तर त्यावर प्रवासाला निघू नये.

घेतानाच दुकानदाराला विचारावे की सोल बदलता येतो का. चार्ल्स गुडइयर या रबरवाल्याच्या मुलाने १८७० च्या दशकात पुढे आणलेल्या यंत्राने वरचे चामडे एका पट्टीला शिवले जाते आणि सोल त्या पट्टीला शिवला जातो. असा सोल झिजला की टाके उसवून नवीन बसवता येतो, वरचा मुरलेला बूट तसाच राहतो. मार्टेन्समध्ये ही पट्टी असते, पण सोल तिला उष्णतेने सांधलेला असतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या कारागिराला तो बदलणे अवघड जाते. नुसता चिकटवलेला सोल पुन्हा चिकटवता येतो, पण मूळचा आकार क्वचितच परत मिळतो. किंमत जास्त पडली तरी शिवलेला घ्यावा, कारण या वयात पायाला बसलेला जोड सापडायलाच फार वेळ लागतो.